टक्केवारी वेगळी, वर्ग वेगळा : दिव्यांग खेळाडूंचा गट कसा ठरतो?

"मुलाचे दिव्यांग प्रमाणपत्र ७० टक्क्यांचे आहे. त्याला टी-कितीमध्ये धावता येईल?"

नवी दिल्लीत जागतिक पॅरा अॅथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धा झाल्यापासून असा प्रश्न वारंवार विचारला जात आहे. कधी ७० टक्क्यांच्या जागी ४५ असते, कधी मुलाच्या जागी बहीण असते. २७ सप्टेंबर ते ५ ऑक्टोबर २०२५ या काळात झालेली ही स्पर्धा भारतात पहिल्यांदाच भरली होती. १८६ पदकांच्या स्पर्धा झाल्या आणि भारताला ६ सुवर्णांसह २२ पदके मिळाली. टीव्हीवर प्रत्येक शर्यतीच्या नावापुढे टी-१२, एफ-४६, एफ-५७ असे काही लिहिलेले दिसत होते. घरात दिव्यांग मूल असलेल्या अनेकांनी ते आकडे पाहिले, मग कपाटातले प्रमाणपत्र काढले आणि दोन्हींची सांगड घालायचा प्रयत्न केला.

ती सांगड बसत नाही. ७० टक्क्यांवरून वर्ग सांगता येत नाही, ४५ वरूनही नाही आणि १०० वरूनही नाही. टक्केवारी आणि वर्ग या दोन वेगळ्या मोजण्या आहेत. त्या वेगळी माणसे करतात आणि वेगळ्या कामासाठी करतात. असे का, आणि त्यामुळे लाभार्थी कुटुंबाचे कोठे नुकसान होऊ शकते, ते या लेखात पाहू.

अक्षर आणि आकडा

आधी अक्षर. 'टी' म्हणजे ट्रॅक : धावणे, व्हीलचेअर शर्यत आणि उड्या. 'एफ' म्हणजे फील्ड : भाला, गोळा, थाळी, क्लब यांची फेक. लांब उडी आणि उंच उडी मैदानाच्या मधल्या भागात होत असल्या तरी त्यांना 'टी'च लागते, हे लक्षात ठेवावे.

आकड्यातील दशक उणिवेचा प्रकार सांगते. ११ ते १३ दृष्टीसाठी, २० बौद्धिक अक्षमतेसाठी, ३१ ते ३८ मेंदूच्या पक्षाघातासारख्या स्थितीत हालचालींचा ताळमेळ बिघडतो त्यांच्यासाठी. ४० आणि ४१ कमी उंचीसाठी. ४२ ते ४४ पायाची उणीव असूनही कृत्रिम पायाशिवाय उतरणाऱ्यांसाठी आणि ६१ ते ६४ कृत्रिम पाय लावून उतरणाऱ्यांसाठी. ४५ ते ४७ हातासाठी. पन्नाशीतले आकडे बसून खेळणाऱ्यांचे, म्हणजे व्हीलचेअरवर धावणाऱ्यांचे किंवा जमिनीला बांधलेल्या आसनावरून फेक करणाऱ्यांचे. ७१ आणि ७२ हे तीनचाकी चौकटीला धरून धावणाऱ्यांचे तुलनेने नवे वर्ग आहेत.

एकाच गटात आकडा जितका लहान तितकी मर्यादा जास्त. टी-११चा धावपटू जवळजवळ पूर्ण अंध असतो. तो डोळ्यांवर पट्टी बांधून मार्गदर्शक धावपटूसोबत धावतो. टी-१२मध्ये मार्गदर्शक घ्यायचा की नाही हे खेळाडू ठरवतो. पॅरिसमध्ये २०२४ साली २०० मीटरमध्ये कांस्य मिळवणारी सिमरन अभय सिंग या मार्गदर्शकासोबत धावली. टी-१३मध्ये मार्गदर्शक नसतो. मात्र दोन वेगळ्या गटांतील आकड्यांची तुलना करू नये. एफ-५७चा खेळाडू एफ-२०च्या खेळाडूपेक्षा 'कमी दिव्यांग' ठरत नाही.

एकाच वर्गातले तीन हात

हा लेख लिहिणारी व्यक्ती जयपूरमध्ये गोपालपुरा भागात राहते. इथून टोंक रोडने सरळ उत्तरेकडे गेले की सवाई मानसिंह स्टेडियम लागते. राजस्थानातल्या भालाफेकपटूंच्या बोलण्यात एफ-४६ हा आकडा सर्रास येतो. त्यामागे दोन माणसे आहेत.

पहिले चुरू जिल्ह्याचे देवेंद्र झाझरिया. आठ वर्षांचे असताना झाडावर चढताना विजेच्या तारेला हात लागला आणि डावा हात कापावा लागला. २००४ साली अथेन्समध्ये त्यांनी ६२.१५ मीटरचा विश्वविक्रम करून सुवर्ण जिंकले. २०१६ साली रिओमध्ये ६३.९७ मीटरवर पुन्हा विश्वविक्रम आणि पुन्हा सुवर्ण. टोकियोत त्यांना रौप्य मिळाले. मार्च २०२४ पासून ते भारतीय पॅरालिम्पिक समितीचे अध्यक्ष आहेत.

दुसरे करौली जिल्ह्याचे सुंदरसिंग गुर्जर. ते आधी सर्वसाधारण स्पर्धांत भाला फेकत. २०१५ साली अंगावर पत्रा पडून त्यांचा डावा हात तुटला. त्यानंतर २०१७ आणि २०१९ साली ते एफ-४६मध्ये जगज्जेते झाले. टोकियो आणि पॅरिसमध्ये त्यांना कांस्य मिळाले. दिल्लीत याच वर्गात हरियाणाच्या रिंकू हुड्डा यांनी ६६.३७ मीटर फेकून सुवर्ण घेतले आणि सुंदरसिंग ६४.७६ मीटरसह दुसरे आले.

आता महाराष्ट्राकडे येऊ. सांगली जिल्ह्यातील आटपाडी तालुक्यातल्या करगणीचे सचिन खिलारी गोळाफेकपटू आहेत. २०२३ आणि २०२४ साली ते जगज्जेते झाले आणि पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये १६.३२ मीटरच्या फेकीवर त्यांनी रौप्य जिंकले. सुवर्ण अवघ्या सहा सेंटिमीटरने हुकले. (ते स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांना शिकवतही असत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शिकवणी वर्गांच्या पाट्या असलेल्या गोपालपुऱ्यात ही माहिती फार कौतुकाने सांगितली जाते.) त्यांचा वर्गही एफ-४६. पण सचिन यांचा हात कापलेला नाही. शाळेत असताना सायकलवरून पडून डाव्या हाताला इजा झाली, पुढे गँगरीन झाले आणि स्नायू निकामी झाले. हात जागेवर आहे, त्याची ताकद गेली आहे.

एकाचा हात विजेने गेला, एकाचा पत्र्याने, तिसऱ्याचा हात दिसतो पण चालत नाही. इस्पितळाच्या कागदांवर या तीन वेगळ्या कहाण्या आहेत. शासकीय मंडळ टक्केवारी काढेल तेव्हा हात कोठून गेला आणि स्नायूंत किती बळ उरले यानुसार तिघांचे आकडे वेगळे येऊ शकतात. मैदानावर मात्र तिघे एकाच वर्गात. कारण तिथे विचारला जाणारा प्रश्न एवढाच असतो : भाला किंवा गोळा फेकताना ही उणीव किती आड येते? फेक चांगल्या हाताने होते. दुसरा हात तोल सांभाळतो, धावताना लय देतो, फेकीच्या क्षणी खांदा वळवायला मदत करतो. त्या दुसऱ्या हाताचे काम तिघांकडेही अपुरे आहे.

धावण्यात तोच हात वेगळ्या पद्धतीने आड येतो. म्हणून तिथे कोपराच्या वर हात गमावलेल्यांना टी-४६ आणि कोपराच्या खाली गमावलेल्यांना टी-४७ असे वेगळे लिहितात, जरी अनेक स्पर्धांत ते टी-४७ या नावाखाली एकत्र धावतात. नाशिक जिल्ह्यातील सुरगाण्याच्या दिलीप गावित यांनी २०२३च्या हांगझोऊ आशियाई पॅरा स्पर्धेत ४०० मीटरचे सुवर्ण जिंकले, ते टी-४७मध्ये. तात्पर्य, माणूस एकच असला तरी धावण्यासाठी एक वर्ग आणि फेकीसाठी दुसरा वर्ग मिळू शकतो. टक्केवारीचे तसे नसते. ती बस पाससाठी आणि नोकरीसाठी एकच असते.

कायद्यात २१, मैदानावर १०

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारची दिव्यांगत्वे दिली आहेत. प्रमाण ४० टक्के किंवा अधिक असेल तर 'लक्षणीय दिव्यांगत्व' धरून आरक्षणासह बहुतेक योजनांचे लाभ मिळतात. पॅरालिम्पिक खेळांच्या नियमांत उणिवेचे फक्त १० प्रकार पात्र आहेत : स्नायूंची कमी झालेली ताकद, सांध्यांची कायमची कमी हालचाल, अवयवाचा अभाव, दोन्ही पायांच्या लांबीतील फरक, कमी उंची, स्नायूंचा ताठरपणा, तोल व समन्वयाचा अभाव, अनैच्छिक हालचाली, दृष्टीची उणीव आणि बौद्धिक उणीव.

या दोन याद्या शेजारी ठेवल्या की अनेक घरांतला गोंधळ उलगडतो.

सिकल सेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया कायद्यात आहेत. नंदुरबार किंवा गडचिरोलीतल्या सिकल सेल असलेल्या मुलाला दिव्यांग प्रमाणपत्र मिळू शकते आणि त्याने ते घ्यावेच. पण सिकल सेल आहे एवढ्यावर त्याला पॅरा अॅथलेटिक्समध्ये वर्ग मिळत नाही. त्या आजारातून हातापायात वरच्या दहापैकी एखादी कायमची उणीव आली असेल तर ती उणीव तपासली जाते, आजार नाही. मानसिक आजार आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचेही तसेच.

कमी उंचीचे उदाहरण तर आकड्यांतच दिसते. कायद्यानुसार प्रौढ व्यक्तीची उंची ४ फूट १० इंच, म्हणजे १४७ सेंटिमीटर किंवा त्याहून कमी असेल तर शारीरिक वाढ खुंटल्याचे दिव्यांगत्व धरतात. स्त्री-पुरुष दोघांनाही तीच रेषा. मैदानावर ४१ या वर्गात बसायला पुरुषाची उंची जास्तीत जास्त १४५ सेंटिमीटर आणि स्त्रीची १३७ सेंटिमीटर लागते. शिवाय हाताची लांबी मोजतात, ती पुरुषासाठी ६६ आणि स्त्रीसाठी ६३च्या आत हवी. उंची आणि हात यांची बेरीज अनुक्रमे २०० आणि १९०च्या आत हवी. म्हणजे १४० सेंटिमीटर उंचीच्या मुलीचे प्रमाणपत्र खरे आहे, तिच्या योजनाही खऱ्या आहेत आणि तरीही ती गोळाफेकीच्या एफ-४१मध्ये बसत नाही. तिला परत पाठवले तर तिच्यावर अन्याय झाला असे घरी वाटते. तिथे कोणी फसवलेले नसते, दोन पट्ट्या वेगळ्या असतात.

दृष्टीचेही तसेच. कायद्यात अल्पदृष्टीची सुरुवात चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याने ६/१८ पेक्षा कमी दिसते तिथून होते. मैदानावर टी-१३साठी साधारण ६/६० किंवा त्याहून कमी दिसायला हवे, नाहीतर दृष्टीचे क्षेत्र बरेच आकसलेले हवे. मधल्या पट्टीतल्या मुलांना प्रमाणपत्र मिळते, वर्ग मिळत नाही.

उलटही घडते, आणि ते कोणी फारसे सांगत नाही. दोन पायांत किमान ७ सेंटिमीटरचा फरक असेल तर मैदानावर पात्रता मिळते. फक्त एवढीच उणीव असलेल्याची शासकीय टक्केवारी ४०च्या खाली राहू शकते. ऐकू न येणाऱ्यांसाठी पॅरालिम्पिकमध्ये वर्ग नाही, त्यांची स्वतंत्र डेफलिम्पिक स्पर्धा आहे. तिथे चांगल्या कानाने किमान ५५ डेसिबल श्रवणहानी लागते. आपल्या कायद्यातली 'ऐकू कमी येणे' ही व्याख्या मात्र ६० डेसिबलपासून सुरू होते. म्हणून '४० टक्के नाहीत, तर खेळही नाही' असे स्वतःच ठरवून मुलाला घरी बसवू नये.

एका शब्दामुळे झालेला घोटाळा

या गोंधळात आम्हा भाषांतरकारांचाही वाटा आहे, तो कबूल केलेला बरा. इंग्रजी नियमावलीत 'इम्पेअरमेंट' आणि 'डिसॅबिलिटी' हे दोन शब्द काळजीपूर्वक वेगळे ठेवलेले असतात. पहिला शब्द शरीरातल्या उणिवेसाठी, दुसरा त्या उणिवेमुळे समाजात वावरताना येणाऱ्या अडथळ्यांसाठी. मराठीत येताना दोन्हींचे 'दिव्यांगत्व' होते; त्याआधी दोन्हींचे 'अपंगत्व' होत होते. मग 'पात्र दिव्यांगत्व आवश्यक' असे वाक्य तयार होते आणि वाचणारा म्हणतो, माझ्याकडे तर प्रमाणपत्र आहे. या लेखात शरीरातल्या गोष्टीसाठी 'उणीव' हा साधा शब्द मुद्दाम वापरला आहे. तो फार सुरेख नाही, पण घोटाळा करत नाही.

पूर्वी मैदानावरची पद्धतही डॉक्टरी कागदांवरच उभी होती. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडच्या स्टोक मँडेव्हिल इस्पितळात मणक्याला इजा झालेल्या सैनिकांचे खेळ सुरू झाले. तेव्हा इजा मणक्याच्या कोणत्या पातळीवर आहे यावर गट ठरे. सांगली जिल्ह्यातील पेठचे मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात जखमी झाले आणि १९७२ साली हायडेलबर्गला ५० मीटर पोहण्यात भारताचे पहिले पॅरालिम्पिक सुवर्ण जिंकले, ते त्या जुन्या पद्धतीच्या काळात. पुढे निदानापेक्षा खेळात प्रत्यक्ष काय करता येते याला महत्त्व आले आणि आजची रीत घडत गेली. पेटकरांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो जानेवारी २०२५मध्ये, हे जाता जाता सांगायला हवे.

तपासणी कशी होते

वर्ग ठरवण्यासाठी किमान दोन जणांचे पॅनेल बसते. शारीरिक उणिवेसाठी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट आणि खेळाचा तांत्रिक जाणकार असे ते असते. दृष्टीसाठी नेत्रतज्ज्ञ, बौद्धिक उणिवेसाठी मानसशास्त्रज्ञ.

पॅनेल आधी कागद पाहते : उणिवेमागचे वैद्यकीय कारण काय आणि ती कायमची आहे का. मग किमान निकष पाहते. उदाहरणार्थ, हाताच्या अभावात मनगटातून किंवा त्याच्या वरून हात गेलेला हवा. दोन-तीन बोटे गेली असतील तर प्रमाणपत्रावर टक्के मिळतील, मैदानावर तेवढ्याने भागत नाही. बौद्धिक उणिवेत बुद्ध्यंक ७५ किंवा कमी हवा, रोजच्या वागण्यातली अडचण दाखवावी लागते आणि ही स्थिती वाढीच्या वयातच सुरू झालेली असावी लागते. तेलंगणाच्या दीप्ती जीवनजी यांनी पॅरिसमध्ये ४०० मीटर टी-२०मध्ये कांस्य जिंकले, ते या कसोटीतून गेल्यावर.

त्यानंतर टेबलावर स्नायूंची ताकद ० ते ५ अशा गुणांत मोजतात, सांधे वळवून पाहतात आणि खेळातल्या हालचाली करून घेतात. शेवटी, नव्या खेळाडूला पहिल्या स्पर्धेत प्रत्यक्ष खेळताना पाहतात. टेबलावर हात उचलता येत नव्हता आणि मैदानावर सहज उचलला गेला, तर प्रश्न निघतो.

तपासणीनंतर वर्गासोबत एक दर्जाही मिळतो. 'सी' म्हणजे वर्ग कायम. 'आर' म्हणजे पुन्हा तपासणी होणार. काही वेळा तिचे वर्षही ठरवून देतात. लहान वयात, वाढ सुरू असताना किंवा आजार बदलता असेल तर 'आर' मिळणे स्वाभाविक आहे, त्याला शिक्षा समजू नये. 'एन' म्हणजे आंतरराष्ट्रीय पॅनेलने अजून पाहिलेले नाही. देशातल्या स्पर्धेसाठी भारतीय पॅनेलने दिलेला वर्ग आंतरराष्ट्रीय पॅनेलवर बंधनकारक नसतो. परदेशात तो बदलू शकतो.

तो किती महागात पडू शकतो ते २०२१ साली टोकियोत दिसले. सीमा सुरक्षा दलातले माजी जवान विनोद कुमार यांना २२ ऑगस्टला एफ-५२ वर्ग मिळाला. २९ ऑगस्टला त्यांनी थाळी १९.९१ मीटर फेकून कांस्य मिळवले. इतर स्पर्धकांनी हरकत घेतली आणि निकाल रोखला गेला. दुसऱ्या दिवशी पॅनेलने सांगितले की वर्गीकरण पूर्ण करता येत नाही, त्यामुळे ते या स्पर्धेसाठी अपात्र. पदक गेले. पुढे आपली क्षमता जाणूनबुजून चुकीची दाखवल्याच्या कारणावरून त्यांच्यावर दोन वर्षांची बंदी आली.

त्या प्रकरणात गावोगावी एकच प्रश्न होता : आधी वर्ग दिला कोणी? प्रश्न रास्त आहे. सात दिवसांत पॅनेलचे मत बदलते तेव्हा खेळाडूच्या मागे उभ्या असलेल्या माणसांनी कशावर भरवसा ठेवायचा? पण पद्धतच अशी आहे की टेबलावरचा वर्ग पहिल्या फेकीपर्यंत कच्चा असतो. ज्यांना हे आधी माहीत असते ते गावात बँड लावायची घाई करत नाहीत.

पाय तोच, वर्ग दोन

'जयपूर फूट'च्या शहरात राहताना आणखी एक प्रश्न ऐकू येतो : कृत्रिम पाय लावून उतरायचे की काढून?

सुमित अंतिल यांचा डावा पाय २०१५च्या मोटारसायकल अपघातात गुडघ्याखाली गेला. ते कृत्रिम पाय लावून, धावत येऊन भाला फेकतात. त्यांचा वर्ग एफ-६४. टोकियो आणि पॅरिस दोन्हीकडे सुवर्ण. नागालँडचे सैनिक होकातो सेमा यांचाही डावा पाय २००२ साली सुरुंगाच्या स्फोटात गुडघ्याखाली गेला. पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात असताना ते गोळाफेकीकडे वळले. ते आसनावर बसून फेकतात, वर्ग एफ-५७, आणि पॅरिसमध्ये त्यांनी १४.६५ मीटरवर कांस्य जिंकले.

शरीरातली उणीव जवळपास सारखी. उभे राहून की बसून, भाला की गोळा, यावर वाट बदलली. कोणती वाट मुलाला मानवेल हे प्रशिक्षकाने आधी पाहायला हवे. रोजच्या चालण्यासाठी मिळालेला पाय धावण्यासाठी पुरेसा असतोच असे नाही, तेव्हा साहाय्यक उपकरणाचा अर्ज करताना उपयोग कशासाठी हे स्पष्ट लिहावे.

वर्ग मिळाला म्हणजे स्पर्धा मिळाली असेही नाही. २००४चे सुवर्ण आणि २०१६चे सुवर्ण यांच्यामध्ये झाझरियांची बारा वर्षे गेली, कारण २००८ आणि २०१२च्या पॅरालिम्पिकमध्ये एफ-४६ची भालाफेकच नव्हती. वर्ग होता, विश्वविक्रम होता, स्पर्धा नव्हती. संदीप चौधरी यांचा वर्ग एफ-४४. पॅरालिम्पिकमध्ये त्यांना भालाफेकीत एफ-६४च्या खेळाडूंसोबत एकत्र उतरावे लागले. टोकियो आणि पॅरिस, दोन्ही ठिकाणी ते चौथे आले. वर्ग ठरल्यावर त्या वर्गातला आपला प्रकार पुढच्या स्पर्धेच्या यादीत आहे का, हे लगेच विचारावे. दोन वर्षे सराव करून मग कळण्यापेक्षा ते बरे.

लाभार्थ्यांनी काय लक्षात घ्यावे

पैशाचा भाग लपवण्यासारखा नाही. पॅरिसनंतर केंद्र शासनाने पॅरालिम्पिक सुवर्णाला ७५ लाख, रौप्याला ५० लाख आणि कांस्याला ३० लाख रुपये जाहीर केले. २०२३पासून खेलो इंडिया पॅरा स्पर्धा होत आहेत. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. एवढे पाहिल्यावर 'खालचा वर्ग मिळवून देतो' म्हणणारे मध्यस्थ निघणारच. खालच्या वर्गात आपले मूल जिंकेल हा त्यांचा हिशेब असतो. मुलाला तपासणीत ताकद कमी लावायला शिकवले, तर ते अंगाशी येते. पॅनेलची माणसे तेच पाहण्यासाठी बसलेली असतात, आणि बंदी मध्यस्थावर नाही तर खेळाडूवर येते. खोट्या दिव्यांग प्रमाणपत्रावर लाभ घेणे हा अधिनियमाच्या कलम ९१ नुसार गुन्हा आहे : दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

नोकरीच्या अर्जात दोन आरक्षणांची गल्लत फार होते. दिव्यांगांसाठीचे ४ टक्के आरक्षण टक्केवारीच्या प्रमाणपत्रावर मिळते. त्याला खेळातला वर्ग लागत नाही. खेळाडूंचे ५ टक्के आरक्षण स्पर्धेतल्या कामगिरीवर मिळते आणि त्यासाठी क्रीडा विभागाकडून प्रमाणपत्राची पडताळणी लागते. त्याला नुसते यूडीआयडी कार्ड पुरत नाही. एकाचे कागद दुसऱ्याला जोडले की अर्ज बाद होतो आणि वर्ष जाते.

तक्रारीचे दरवाजेही वेगळे आहेत. टक्केवारी मान्य नसेल तर अधिनियमाच्या कलम ५९ नुसार अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येते. वर्ग मान्य नसेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांकडे जाऊन उपयोग नाही. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत हरकत खेळाडूला स्वतः घेता येत नाही, ती देशाच्या समितीमार्फत आणि ठरलेल्या मुदतीतच घ्यावी लागते. म्हणून निकाल हातात पडला की त्याच दिवशी संघ व्यवस्थापकाला सांगावे.

तपासणीला जाताना मूळ ओळखपत्र, खेळाचे कपडे आणि बूट, वापरात असलेला कृत्रिम पाय किंवा इतर साधन आणि नियमित औषधांची यादी सोबत असावी. वैद्यकीय फाइल जुनी असली तरी फेकू नये. अपघातानंतरचे एक्स-रे, शस्त्रक्रियेचे कागद, एमआरआय हे सर्व उणीव कधीपासून आणि कशामुळे आहे ते दाखवतात. आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठीचा वैद्यकीय नमुना डॉक्टरांना इंग्रजीत भरावा लागतो, त्यामुळे तो शेवटच्या आठवड्यावर ठेवू नये. देशातल्या स्पर्धेसाठी कोणते कागद लागतात ते त्या वर्षीच्या परिपत्रकात पाहावे.

खेळाडूसोबत एक व्यक्ती आत जाऊ शकते. अल्पवयीन किंवा बौद्धिक उणीव असलेल्या खेळाडूसोबत कोणीतरी असलेच पाहिजे. दुभाषा नेण्याचीही सोय आहे. पॅनेल इंग्रजीत विचारते आणि मूल घाबरून प्रत्येक प्रश्नाला मान डोलावते, असे होते. 'पूर्ण ताकद लाव', 'दुखतंय का', 'इथपर्यंतच जातो का हात' एवढ्या साध्या प्रश्नांची उत्तरे त्याने स्वतःच्या भाषेत दिली तर ती खरी येतात. त्यासाठी मराठी आणि इंग्रजी दोन्ही येणारी व्यक्ती सोबत असणार आहे, हे संघासोबतची नावे जातात तेव्हाच कळवून ठेवावे.